जी मशीन चालवणार, तिनेच ते पारखावं



सध्या गटांच्या बैठकांमध्ये एक प्रश्न सारखा येतोय. "पायमशीनवर आता भागत नाही. कारखान्यात असतं तसं मोटारीचं मशीन घ्यायचंय. नवं परवडत नाही. जुनं घेतलं तर चालेल का?"

चालेल. तेलपाणी नीट झालेलं असेल तर कारखान्यातलं मशीन वर्षानुवर्षं चालतं. ते रोज आठ-आठ तास चालण्यासाठीच बनवलेलं असतं. पण जुनं मशीन घेणं म्हणजे जनावरांच्या बाजारातून म्हैस आणण्यासारखं आहे. बाजारात म्हैस धुऊन, शिंगांना तेल लावून उभी केलेली असते. आपण तिच्या चकाकीवर जातो का? दात बघतो, कास बघतो आणि समोर धार काढायला लावतो. मशीनलाही नवा रंग मारलेला असतो. म्हणून तिथेही समोर धार काढून बघायची, म्हणजे आपल्या हाताने टीप मारून बघायची.

आता एक गोष्ट आधीच बोलून घेऊ. मशीन घ्यायचं बैठकीत ठरतं. बचत आपली, सह्या आपल्या. आणि मशीन बघायला कोण जातं? कुणाचे तरी मालक, कुणाचे दीर, नाहीतर गावातला एखादा जाणता माणूस. "बाईमाणसाला त्या बाजारातलं काय कळतं" असं म्हणून आपणही गप्प बसतो. ते दादा मन लावून घासाघीस करतात, हजार रुपये कमी करून आणतात आणि टेम्पोत मशीन येतं. त्यांनी भाव केलेला असतो, पण टीप मारलेली नसते. कारण त्यांना शिवता येत नाही. टाका सुटतोय का, कापड चुणतंय का, पॅडल पायाला जड लागतंय का, हे शिवणाऱ्या बाईला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. आणि तीच बाई त्या दिवशी घरी असते.

म्हणून आमच्या प्रभागातल्या गटांनी ठरवलंय की मशीन बघायला तिघी जाणार. एक शिवणारी, एक हिशोब लिहिणारी आणि एक बोलणारी. ओळखीचा मिस्त्री सोबत आला तर फारच छान. कुणाचे मालक गाडी घेऊन आले, ओझं उचलायला आले, तर त्यांनाही चहा पाजू. पण टीप मारणार बाई आणि "हो, हे घेऊ" म्हणणारही बाई.

आता कामाचं बोलू. मशीन बघायला जायच्या आधी बैठकीत एक प्रश्न विचारायचा. आपल्याला हे मशीन खरंच लागतं का?

कारखान्यातलं साधं मशीन, ज्याला सिंगल निडल म्हणतात, ते एकच काम करतं. सरळ टीप मारतं, पण फार वेगाने मारतं. घरच्या मशीनवर मिनिटाला हजाराच्या आत टाके पडतात. या मशीनची ताकद मिनिटाला चार-पाच हजार टाक्यांची असते. आपण काही तेवढ्या वेगाने चालवत नाही, पण दिवसभर न थकता ते चालतं. मात्र त्यावर काज होत नाही, झिगझॅग होत नाही, पिको होत नाही. म्हणजे आठवड्याला चार ब्लाऊज आणि दोन फॉल-पिको एवढंच काम असेल, तर घरचं मशीनच बरं. त्याला हवं तर छोटी मोटार बसवा. पण परकर, उशांचे अभ्रे, गणवेश, कापडी पिशव्या, असा एकच माल शेकड्याने शिवायचा असेल, तर कारखान्याचं मशीन कामाचं.

इथे गणवेशाचं उदाहरण घेऊ. २०२४-२५ या शाळेच्या वर्षात सरकारी शाळांच्या गणवेशांची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे आली होती. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी मशीनं घेण्याची घाई झाली. पुढे सरकारचा निर्णय बदलला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचं काम परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. काम येतं तसं जातंही, पण मशीनचा हप्ता थांबत नाही. म्हणून एका ऑर्डरवर मशीन घेऊ नका. ती ऑर्डर उद्या गेली, तर याच मशीनवर आपण दुसरं काय शिवू आणि ते कोण विकत घेईल, याचं उत्तर गटाच्या वहीत लिहिलेलं असेल तरच पुढे जा. आपल्या शाळेच्या समितीतल्या बायकांशी बोला, आठवडी बाजारातल्या कापड दुकानदाराशी बोला, मंगल कार्यालयवाल्यांना कापडी पिशव्या लागतात का ते विचारा. मग मशीनचं बघू.

आता कुठलं मशीन, ते ठरवू. सुती आणि टेरिकॉट कापडासाठी साधं सिंगल निडल पुरतं. जाड कॅनव्हास, तागाच्या पिशव्या किंवा जीन्स असेल तर जाड कापडाचं वेगळं मशीन येतं, ते मागायचं. साध्या मशीनवर रोज जाड माल शिवला की ते लवकर खिळखिळं होतं. आणि कापडाच्या कडा विसविशीत सुटू नयेत म्हणून ओव्हरलॉक लागतं. ते वेगळं मशीन आहे. गणवेश आणि परकर दुकानात द्यायचे असतील तर ओव्हरलॉकशिवाय माल कुणी घेत नाही. तीन-चार सरळ मशीनांमागे एक ओव्हरलॉक पुरतं. पैसे एकाच मशीनपुरते असतील तर आधी सरळ मशीन घ्या आणि ओव्हरलॉक तालुक्याच्या ठिकाणी नगावर करून घ्या.

दुकानात गेलं की दुकानदार म्हणतो, "ताई, ही बघा जुकी." जुकी ही जपानची कंपनी. पण आपल्याकडे कारखान्यातल्या कुठल्याही मशीनला जुकी म्हणायची सवय पडली आहे, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतात. त्यामुळे जुकी म्हटल्यावर मशीनवरचं नाव आणि मॉडेलचा नंबर वाचा आणि वहीत लिहून घ्या. दुसऱ्या कंपन्यांची मशीनंही चांगली असतात. महत्त्वाचं हे की त्या मॉडेलचे सुटे भाग आपल्या जवळच्या शहरात मिळतात का, आणि ते दुरुस्त करणारा मिस्त्री आपल्या तालुक्यापर्यंत येतो का. म्हणून दुकानात जायच्या आधी मिस्त्रीला फोन करा आणि विचारा, "दादा, तुम्ही कुठली मशीनं दुरुस्त करता?" तो ज्यांची नावं घेईल, त्यांतलंच शोधा.

जुन्या मशीनांमध्ये काही कॉम्प्युटरवाली असतात. दोरा आपोआप कापतात, सुई आपोआप वर थांबते. बघायला फार छान वाटतं. पण त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक पाटी असते. आपल्या गावात दिवे कधी मंद होतात, कधी एकदम भगभगतात. ती पाटी जळाली की खर्च मोठा आणि मिस्त्री लांब. कमी पैशात घ्यायचं असेल तर साधं मशीन घ्या.

आता मोटारीचं बघू, कारण इथे फार पैसे बुडतात. कारखान्यात बहुतेक ठिकाणी तीन फेजची वीज असते. आपल्या घरात सिंगल फेज, २३० व्होल्टची. मशीन झकास असेल, पण मोटार तीन फेजची असेल, तर ती घरी आणून चालणारच नाही. मोटारीवर एक छोटी पाटी असते. त्यावर फेज १ की ३, व्होल्ट किती, वॅट किती, ते लिहिलेलं असतं. तेल-धुळीने पाटी दिसत नसेल तर फडक्याने पुसा आणि वाचा. पाटीच नसेल तर सिंगल फेजवर चालवून दाखवायला सांगा.

मोटार दोन प्रकारची असते. क्लच मोटार बटण दाबलं की घूं घूं करत फिरतच राहते, तुम्ही शिवा अगर शिवू नका. सर्व्हो मोटार फक्त पॅडल दाबलं की फिरते. तिचा आवाज कमी, वीज कमी, आणि वेग कमी-जास्त करता येतो. क्लच मोटार स्वस्त पडते आणि दणकट असते. पण नवशिक्या बाईला तिचा वेग आवरत नाही. विजेचा हिशोब असा. ४०० वॅटची मोटार पूर्ण भाराने अडीच तास चालली की एक युनिट जळतं. क्लच मोटार मोकळी फिरतानाही थोडी वीज खातच असते. म्हणून चहाला उठलं की बटण बंद. जुन्या मशीनला नंतर सर्व्हो मोटार बसवता येते, त्यामुळे मशीनचं डोकं चांगलं असेल तर मोटारीसाठी अडून बसू नका. फक्त तिची किंमत हिशोबात धरा.

मशीन मिळतं कुठे? जिथे कपडे शिवण्याचे कारखाने आहेत तिथे. आमच्या बाजूला सोलापूर जवळ, तिथे शाळेचे गणवेश मोठ्या प्रमाणावर शिवले जातात. मुंबईकडे भिवंडी, उल्हासनगर आहे. कारखाना बंद होतो, नाहीतर मालक नवी मशीनं आणतो, आणि जुनी विकायला निघतात. काही थेट कारखान्यातून मिळतात, काही जुन्या मशीनांच्या दुकानातून. कारखान्यातून घेतलं तर थोडं स्वस्त आणि चालू हालतीत बघायला मिळतं, पण नंतर काही झालं तर दाद मागायला कुणी नसतं. दुकानदार थोडे जास्त घेतो, पण उद्या त्याच्या दारात जाऊन उभं राहता येतं. पहिलंच मशीन असेल तर दुकानातून घेतलेलं बरं.

मोबाईलवर फोटो येतात. "शेवटचा नग आहे ताई, आत्ता दोन हजार टाका, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे." टाकू नका. मशीन बघितल्याशिवाय, चालवल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. आणि तुम्ही आगाऊ पैसे परत मागितल्यावर कुणी म्हणालं की "पैसे परत पाठवतो, तुमचा पिन टाका", तर फोन ठेवून द्या. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

आता बघायला जाताना पिशवीत काय घ्यायचं ते लिहून घ्या. आपण जे शिवणार त्या कापडाचे तुकडे. एक पातळ, रुबिया किंवा पॉपलीन. एक मधलं, गणवेशाचं. एक जाड. आणि एक पांढरं कापड. दोन रंगांचे दोरे, एक लाल आणि एक पांढरा. एक मोजपट्टी, मोबाईलची बॅटरी, एक जुनं फडकं, वही आणि पेन. दुकानदाराच्या कापडावर टीप बघायची नाही. त्याने मशीन त्याच कापडासाठी लावून ठेवलेलं असतं.

पहिलं काम, मोटार बंद असताना. उजव्या हाताचं चाक हळूहळू आपल्याकडे फिरवा. पूर्ण दहा फेरे. लोणी घुसळल्यासारखं एकसारखं फिरलं पाहिजे. कुठे अडलं, कुठे खटकलं, तर आत काहीतरी झिजलंय किंवा वाकलंय. मग चाक धरून आत-बाहेर हलवा. सुईचा दांडा दोन बोटांत धरून इकडे-तिकडे हलवा. जाणवेल एवढा खुळखुळा असेल तर ते मशीन सोडून द्या. तो आजार खर्चाचा असतो.

दुसरं काम, सुईखालची प्लेट. दोन स्क्रू असतात, दुकानदाराला काढायला सांगा. कापड पुढे सरकवणारे दाते नखाने चाचपून बघा. धारदार लागले पाहिजेत, गुळगुळीत झालेले नकोत. प्लेटच्या भोकाला सुईचे ओरखडे पडलेत का, भोक मोठं झालंय का, ते बॅटरी लावून बघा. मग खाली शटल. त्याच्या टोकावरून दोरा हळूच ओढून बघा. दोरा अडकला, त्याला धागे सुटले, तर टोक खराब आहे. दाते, प्लेट आणि शटलचे भाग बदलता येतात, पण त्यांचे पैसे किमतीतून कमी करून घ्यायचे.

तिसरं काम, तेल. मशीनचं डोकं मागे कलंडवलं की खाली तेलाची पेटी दिसते. तेल काळंभोर, चिकट असेल, त्यात लोखंडाचा चुरा चमकत असेल, तर त्या मशीनची कुणी काळजी घेतलेली नाही. पेटी कोरडी ठणठणीत असेल तर तेल घातल्याशिवाय मोटार चालू करू देऊ नका. मशीनच्या वरच्या अंगाला एक छोटी काच असते. मशीन चालू असताना त्या काचेत तेल उडताना दिसलं पाहिजे. तेल दिसत नसेल तर पंप काम करत नाही. अशा मशीनचं पोट कोरडं राहतं आणि ते एक दिवस जाम होतं.

आता चौथं काम, टीप. वर लाल दोरा, बॉबिनमध्ये पांढरा. सुई नवी लावायला सांगा. मधल्या कापडाची दुहेरी घडी करून हातभर टीप मारा. मग कापड उलटं-सुलटं बघा. वरच्या बाजूला फक्त लाल दिसला पाहिजे, खाली फक्त पांढरा. वर पांढरे ठिपके दिसले किंवा खाली लाल दिसला, तर दोऱ्याचा ताण बिघडलाय. दुकानदाराला ताण नीट करायला सांगा. नीट झाला तर काही हरकत नाही. कितीही फिरवून नीट होत नसेल तर आत दोष आहे.

मग टाक्याची चकती अडीचवर लावा, टीप मारा आणि मोजपट्टी ठेवून १० सेंटिमीटरमधले टाके मोजा. चाळीसच्या आसपास भरले पाहिजेत. आता मागे जाण्याचा दांडा दाबून उलटी टीप मारा आणि तीही मोजा. पुढचा टाका मोठा आणि मागचा बारीक पडत असेल तर ते लावून घ्यावं लागेल.

नंतर पातळ कापड. टिपेच्या बाजूने चुण्या पडतात का बघा. नंतर जाड. कापडाच्या चार घड्या, आणि मधे शिवण ओलांडून जायचं, जसं परकराच्या नेफ्याशी किंवा चड्डीच्या जोडाशी जातो तसं. तिथे टाका सुटला, सुई तुटली, मशीन अडलं, तर नीट विचार करा. एकदा सुटला तर सुई बदलून परत बघा. तीनदा सुटला तर मशीन सोडा.

शेवटी पांढऱ्या कापडावर दहा मिनिटं सलग शिवत राहा. सुईच्या दांड्यातून तेल गळत असेल तर कापडावर डाग पडतील. शाळेचे पांढरे शर्ट शिवायचे असतील तर हा एक दोषच पुरे आहे ऑर्डर परत यायला. एकूण अर्धा तास मशीन चालवा. मग डोक्यावर हात ठेवा. कोमट चालेल, चटका बसायला नको. आवाज ऐका. एकसारखा आवाज बरा, टकटक नको. दुकानदार घाई करेल. म्हणेल, "ताई, किती वेळ?" म्हणायचं, "दादा, दहा जणींचे पैसे आहेत, अर्धा तास तर लागणारच." चहा मागवला तर प्या आणि शिवत राहा.

उठताना सामान मोजा. टेबल पाण्याने फुगलेलं नाही ना, स्टँड डुगडुगत नाही ना, गुडघ्याने फूट उचलायचा दांडा आहे का, पट्टा चिरलेला नाही ना, पट्ट्यावरचं झाकण आहे का, दोऱ्याचा स्टँड, बॉबिन भरायची कळ, बॉबिन केस, चार-पाच बॉबिन. यांतलं जे नाही ते नंतर आपल्याच पैशाने घ्यावं लागतं.

आता पैसे. इथे आम्ही एक हिशोब मांडतो. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या बाजारातला भाव तुम्ही विचारून लिहा. समजा, एक मशीन ९,००० रुपयांना मिळतंय आणि दुसरं १२,५०० रुपयांना. मन पहिल्याकडे ओढतं. पण पहिल्याची मोटार तीन फेजची. बदलायला ३,५०० धरले. दाते, प्लेट, शटल घासलेलं, त्याचे १,८००. मिस्त्रीच्या दोन फेऱ्या, १,०००. टेम्पो १,२००. घरात तीन पिनांचा बोर्ड आणि अर्थिंग १,२००. तेल, सुया, किरकोळ ७००. बेरीज झाली १८,४००. दुसऱ्या मशीनला मोटार नको, सुटे भाग नकोत. १२,५०० आणि टेम्पो, बोर्ड, तेल मिळून ३,१००. बेरीज १५,६००. म्हणजे महाग दिसणारं मशीन २,८०० रुपयांनी स्वस्त पडलं. म्हणून दुकानात सांगितलेला भाव वहीच्या वरच्या ओळीत लिहायचा आणि निर्णय खालच्या बेरजेवर घ्यायचा.

आता ते १५,६०० परत कसे येणार? वर्षभरात फेडायचे तर महिन्याला १,३०० रुपये. शिवलेल्या एका परकरामागे ५ रुपये मशीनसाठी बाजूला काढले, तर महिन्याला २६० परकर लागतील. महिन्यात २६ दिवस काम धरलं तर रोज १०. दहा परकर रोज शिवायला होतील का? त्याहून महत्त्वाचं, दहा परकर रोज विकले जातील का? दोन्हीला हो असेल तर मशीन घ्या. एकाला जरी "बघू" असं उत्तर आलं, तर आधी दोन-तीन महिने पायमशीनवरच माल काढून विकून बघा.

पैसे कुठून आणायचे? जुन्या मशीनसाठी गटाचं अंतर्गत कर्ज सगळ्यात सोयीचं. काही जणी पीएम विश्वकर्मा योजनेचं विचारतात. ती सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, त्यातल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. पण ती एका कारागिराला मिळते, गटाला नाही. ती ई-व्हाउचरच्या रूपात असते, रोख हातात येत नाही. जी पात्र आहे तिने तो अर्ज जरूर करावा, पण गटाच्या जुन्या मशीनचा हिशोब त्याच्या भरवशावर मांडू नका.

कागद पक्का करा. बैठकीत ठराव लिहा, किती रुपयांपर्यंत घ्यायचं आणि कोण जाणार. पैसे गटाच्या खात्यातून द्या, रोख नको. पावतीवर गटाचं नाव, मशीनचं नाव, मॉडेल आणि डोक्यावर कोरलेला नंबर लिहून घ्या. किती दिवसांत काय बिघडलं तर दुकानदार काय करून देणार, हेही त्याच पावतीवर त्याच्या सहीने. "ताई, शब्द दिलाय ना" असं म्हणाला तर म्हणा, "दादा, शब्दच लिहून द्या." आणि टेम्पोत चढवण्याआधी नंबर परत एकदा जुळवून बघा. जे पारखलं तेच गाडीत चढलं पाहिजे.

मशीन घरी आलं. आता सांभाळायचं कसं? जमीन सपाट असावी, उजेड असावा, तीन पिनांचा बोर्ड आणि अर्थिंग असावं. लांबड्या वायरीवर जोडू नका. मशीनचंच पातळ पांढरं तेल पेटीतल्या खुणेपर्यंत भरा. खोबरेल, गोडंतेल, चुकूनही नाही, ते आत चिकटून बसतं. सुई वेगळी लागते. घरच्या मशीनच्या सुईचं बूड एका बाजूने चपटं असतं, हिचं गोल. दुकानात डीबी १ म्हणून मागायची. पातळ कापडाला ११ नंबर, गणवेशाला १४, जाडाला १६ किंवा १८. बसवताना सुईची लांब खाच डाव्या हाताला आली पाहिजे. ती फिरली की टाका सुटतो आणि आपण मशीनला शिव्या देतो.

नव्या बाईने पहिले दोन दिवस दोरा न घालता वर्तमानपत्राच्या कागदावर सरळ ओळी मारायच्या. वेग फार वाटत असेल तर मिस्त्रीकडून मोटारीची पुली लहान करून घ्या, वेग उतरतो. पदर खोचलेला, केस बांधलेले, हातात लोंबत्या बांगड्या नकोत, पट्ट्यावर झाकण असलंच पाहिजे. सुई बदलताना, दोरा ओवताना बटण बंद. क्लच मोटार बंद केल्यावरही थोडा वेळ फिरत असते, तोवर पॅडलवर पाय ठेवायचा नाही. लेकरांना त्या खोलीत खेळू देऊ नका. कापड नसताना फूट खाली टाकून मशीन चालवू नका, दाते झिजतात. आणि रोज संध्याकाळी ब्रशने दात्यांखालचा कचरा काढा.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. मशीन ठेवायचं कुणाच्या घरी? अध्यक्षांच्या घरी ठेवलं की हळूहळू ते अध्यक्षांचं होतं. त्यांच्या मनात तसं नसलं तरी होतं. रात्री कुणाच्या घरी कसं जायचं, भाऊजी घरी असतील, असं म्हणून बाकीच्या यायच्या थांबतात. मग वर्षाने हप्ता दहा जणी फेडतात आणि शिवते एकच. म्हणून जमलं तर समाजमंदिरात, नाहीतर ग्रामसंघाच्या खोलीत ठेवा. घरातच ठेवायचं असेल तर पडवीत ठेवा, जिथे न विचारता येता येईल. विजेसाठी वेगळा छोटा मीटर लावा आणि बिल गटाने द्या, म्हणजे त्या घराला बोचणार नाही. वेळेचा तक्ता भिंतीवर लावा. प्रत्येक नगामागे एक रुपया दुरुस्तीसाठी वेगळा ठेवा. मशीन बिघडलं तर कुणाच्या हातून बिघडलं हे शोधत बसू नका, त्या रुपयांतून दुरुस्त करा. मशीन वापरायचं म्हणजे ते कधीतरी बिघडणारच.

आमच्या प्रभागात अशा गटांमधून एक गोष्ट आम्हाला दिसली. ज्या बायका स्वतः बाजारात जाऊन टीप मारून मशीन घेऊन आल्या, त्या पुढे मिस्त्री आला तरी त्याच्या शेजारी उभ्या राहतात आणि विचारतात, "दादा, हे काय बदललं? जुना भाग दाखवा." दुकानदाराला माल देताना भावही त्याच बोलतात. एकदा अर्धा तास कुणाच्या घाईला न जुमानता खुर्चीत बसून राहिलं की पुढच्या ठिकाणी बसणं सोपं जातं.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हे वाचून दाखवा. पिशवीत न्यायच्या सामानाची आणि चार कामांची यादी गटाच्या वहीत शेवटच्या पानावर उतरवून ठेवा. मशीन बघायला कोण तिघी जाणार, त्यांची नावंही त्याच पानावर लिहा. शिवणारीचं नाव सगळ्यात वर.